आधी निचरा, मग गिरकी

आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आहेत आणि त्यांतल्या अकरा घरांत कपडे धुण्याचं मशीन आहे. हा आकडा मला ठाऊक असायचं खरं तर काही कारण नाही. पण शेजारच्या ठोंबरेकाकांना तो ठाऊक आहे. नुसता आकडाच नाही, तर कुठलं मशीन पाणी सोडताना खाकरतं, कुठलं डाव्या अंगाला झुकतं आणि कुठल्याचं बेअरिंग वर्षभरात जाणार, हेही त्यांना पाठ आहे. सकाळी दूध घेऊन येताना ते जिन्यात मध्येच थांबतात. डोळे मिटलेले, एका हातात पिशवी. आपण "काय काका, बरंय ना?" म्हटलं, तर दुसरा हात वर करून आपल्याला थांबवतात. वर कुठेतरी घरघर सुरू होते, वाढत जाते, एका पट्टीत स्थिरावते. मग काका डोळे उघडतात.

"तिसऱ्या माळ्याची सुटली. हां, आता बोला."

'सुटली' म्हणजे गिरकी सुटली. मशीनवर लिहिलेला इंग्रजी शब्द त्यांना येतो, पण त्यात त्यांना दम वाटत नाही. मशीनचं पाणी सोडणं म्हणजे निचरा आणि ते गरगर फिरणं म्हणजे गिरकी. धुण्याबद्दल त्यांना फारशी आस्था नाही. साबण कुठला, पाणी गरम की गार, डाग निघाला की राहिला, हे प्रश्न ते हाताने झटकून टाकतात. त्यांचं सगळं कुतूहल शेवटच्या पंधरा मिनिटांत. "पाणी आत घ्यायला अक्कल लागत नाय ताई," ते मला म्हणाले होते, "बाहेर काढायला लागते."

काका मूळचे इकडच्याच एका खेड्यातले. खालापूरकडच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी पंपांवर काढली. कुठला पंप हवा ओढतोय, कुठल्याचा पंखा झिजलाय, हे ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून सांगायचे, असं त्यांच्या जुन्या सोबत्यांकडून मी ऐकलंय. निवृत्त झाल्यावर ते आणि मंदाकाकू कर्जतला आमच्या शेजारी राहायला आले. पाच वर्षांपूर्वी काकू गेल्या. मूलबाळ नाही. तेव्हापासून काका एकटेच आहेत, आणि इमारतीतली अकरा मशीनं त्यांच्या देखरेखीखाली आहेत.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती माझ्या मशीननं संप केला तेव्हा. मी शाळेत गणित शिकवते. रविवारी आठवड्याचे कपडे लावले होते. मशीननं धुतलं, खळबळलं आणि ऐन शेवटी कपडे पाण्यात तसेच ठेवून दिवा लुकलुकवत बसलं. दार उघडेना. कंपनीचा माणूस आला, त्यानं दोन बटणं दाबली आणि आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलंय, मागवावं लागेल, असं सांगून निघून गेला. तो जिना उतरतोय तोवर काका दारात.

"कार्ड बीड काय नाय. ती पाण्यात बसलीय, मग फिरंल कशी?"

मी त्यांना बोलावलं नव्हतं. भिंतीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत येऊन त्यांनी मशीनसमोर बैठक मारली, खालचं छोटं झाकण उघडलं, खाली परात सरकवली आणि आतलं गोल बूच हळूहळू फिरवलं. आधी पाणी आलं, मग माझ्या घराची अब्रू. केसांची गुंतवळ, दोन सेफ्टी पिना, कुर्त्याच्या खिशात राहिलेल्या खडूंचा पांढरा चिखल आणि एक एवढासा लोकरीचा मोजा. आमच्या घरात बाळ नाही. काकांनी मोजा चिमटीत धरून माझ्याकडे पाहिलं. बहीण दिवाळीला बाळ घेऊन आली होती, असं मी घाईघाईनं सांगितलं.

मग त्यांनी मला शिकवलं. गणिताच्या बाईला कुणी शिकवायला बसलं की थोडं विचित्र वाटतं, पण त्यांची पद्धत चांगली होती. पंप आधी पाणी बाहेर फेकतो. टाकी रिकामी झाली हे मशीनला आतून कळावं लागतं. तोवर ती फिरत नाही, आणि फिरत नाही हे तिचं शहाणपण. पाण्यानं भरलेली टाकी जोरात फिरवली तर काय होईल, याचं त्यांनी हातवारे करून असं वर्णन केलं की मी परात मागे ओढून घेतली. रिकामी झाली की ती आधी हळू हळू डोलते, कपडे चहूबाजूंना सारखे पसरवते, आणि मग जोर धरते. त्या वेळीही पंप चालूच असतो, कारण कपड्यांतून उडालेलं पाणी साठून चालत नाही.

"निचरा झाल्याबिगर गिरकी नाय," ते म्हणाले, आणि हे वाक्य मी त्यानंतर किमान शंभरदा ऐकलंय.

जाता जाता त्यांनी मागची नळीही तपासली. ती भिंतीत दुमडली होती. ती सरळ करून त्यांनी आपल्या कमरेशी हात नेला. नळी इतकी वर गेली पाहिजे. खाली पडली तर पाणी भरता भरताच निघून जातं, फार वर नेली तर पंपाचा दम तुटतो, आणि मोरीच्या पाइपात खोल कोंबली तर गेलेलं घाण पाणी परत पोटात येतं. मशीन सुरू झालं, गिरकी सुटली, आणि काका स्टुलावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले. चहा घेतला नाही. बाहेर आलेला टॉवेल मात्र हातात घेतला, गालाला लावून पाहिला आणि मान डोलावली. पावसाळ्यात आमच्याकडे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्यामुळे टॉवेल गालाला लावणं मला तेव्हा साहजिक वाटलं.

त्यानंतर मी त्यांच्या बाजूची झाले. इतरांना त्यांचा जाच वाटायचा. दुसऱ्या मजल्यावर नवीन लग्न झालेलं जोडपं राहायला आलं. मुलीचं नाव केतकी. तिनं एका सकाळी मशीनमध्ये एकच जाडजूड सोलापुरी चादर टाकली. चादर भिजून एका बाजूला गोळा झाली. मशीननं दोनतीनदा ती पसरायचा प्रयत्न केला, मग हार मानून फिरायला लागलं आणि फिरता फिरता चालायला लागलं. चालत चालत ते गेलं ते थेट न्हाणीघराच्या दाराला टेकलं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि आत केतकीचा नवरा, अंगाला साबण लावलेला.

केतकी धावत काकांकडे आली. काका वर गेले. मीही गेले, न जाणं शक्यच नव्हतं. काकांनी आधी मशीन बंद केलं. मग बंद दाराकडे तोंड करून आत अडकलेल्या माणसाला नीट समजावलं की एकटी चादर कधी घालू नये, सोबत दोन टॉवेल, एखादी पॅंट घालावी, म्हणजे वजन चहूकडे बसतं. आतून तो बिचारा हो हो म्हणत होता. मशीनचे चारही पाय जमिनीला सारखे टेकायला हवेत, हा दुसरा मुद्दा. तो झाल्यावर काकांनी विचारलं, "कळलं का?" आतून कळलं असं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी मशीन ओढलं. केतकीचा नवरा अजूनही काका दिसले की जिना बदलतो. आमच्या इमारतीला एकच जिना आहे, म्हणजे तो परत वर जातो.

एकदा आम्ही सगळे मिळून माथेरानला गेलो. धुकं होतं, घोडे होते, बायका चिक्की घेत होत्या. काका दिसेनात. शेवटी ते सापडले एका हॉटेलच्या मागच्या बाजूला, जिथे चादरी धुतात. त्यांच्या गावचा कुणी तिथे कामाला होता. काका एका भल्यामोठ्या मशीनसमोर उभे होते, आणि इतकं अवजड धूड गाडी न येणाऱ्या गावात माणसांनी वर कसं आणलं असेल याची चौकशी करत होते. आम्ही पॉइंटवरून दरी पाहिली. ते दिवसभर तिथेच. परतताना दरी कशी होती हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही. मला एवढंच सांगितलं की तिथल्या चादरी बाहेर येतात त्या जवळजवळ वाळलेल्याच, आणि ते कसं जमतं हे त्यांनी समजून घेतलंय.

हे सगळं इमारतीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकच. रोज सकाळी साडेआठला काका स्कूटर काढायचे आणि दुपारी बारा-साडेबाराला यायचे. रविवारीसुद्धा. विचारलं तर म्हणायचे, पोशीरला एक मशीन बघायचं हाय. एकच मशीन, रोज, वर्षभर? केतकीचं मत होतं की काकांनी कुठेतरी नोकरी धरलीय. तळमजल्यावरच्या आजींचं मत मी इथे लिहीत नाही. मला मात्र खरंच कुतूहल होतं. ज्या माणसानं माझं मशीन पंधरा मिनिटांत सोडवलं, त्याला पोशीरचं मशीन वर्षभर दाद देत नाही, हे गणित सुटत नव्हतं.

ते सुटलं श्रावणात. काकांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, गाडी चालवायची नाही. दोन दिवस काका घरात येरझाऱ्या घालत होते, मला भिंतीतून ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काळा चष्मा, रेनकोट, हातात पिशवी.

"ताई, तुमाला आज सुट्टी हाय ना. मला पोशीरला सोडाल काय?"

त्यांनी याआधी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी स्कूटी काढली. नेरळपर्यंत ते काही बोलले नाहीत, आणि काका गप्प आहेत म्हणजे काहीतरी आहे हे मला कळलं. नेरळवरून आत वळलो. दोन्ही बाजूंना भात पोटरीइतका झाला होता. पोशीरला एका पत्र्याच्या बैठ्या घराच्या मागच्या बाजूला त्यांनी मला थांबवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मागच्या पडवीत मशीन होतं. साधं, जुनं, दोन कप्प्यांचं, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात फिरवायचं. याला पंप नसतो, पाणी आपल्या वजनानं खाली जातं, म्हणून काकांनी विटांचा ओटा बांधून ते वर चढवलं होतं. शेजारी बादलीत चार-पाच चादरी, लुगड्याचे तुकडे, दुपटी. वास आल्यावर मला कळलं, ती कशानं भरली होती.

घरातून एक बाई बाहेर आली. ही सुजाता, मंदाकाकूंच्या भावाची बायको, गावातल्या अंगणवाडीत सेविका. काका नळाशी गेले तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. आत तिची सासू, म्हणजे मंदाकाकूंची आई. गेल्या वर्षी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली. दिवसाला चार-पाच चादरी निघतात. सुजाताला सकाळी अंगणवाडी, नवऱ्याला कामाची पाळी. पहिल्या पावसाळ्यात चादरी वाळेनात, ओलसर चादरीवर झोपून म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या. एक दिवस काका भेटायला आले, त्यांनी त्या जखमा पाहिल्या आणि निघून गेले. चौथ्या दिवशी टेंपोत हे मशीन घालून हजर झाले.

"पण आईंना सांगायचं नाय म्हणाले. जावयानं आपलं अंथरूण धुतलं असं कळलं तर आई जेवण सोडतील. मग मी सांगितलं, बाई ठेवलीय म्हणून. आई तिला हाक मारायच्या, बोलायला बघायच्या. मग सांगितलं, बाई मुकी हाय."

एवढं सांगून ती अंगणवाडीला गेली.

पुढचे दोन तास मी ठोंबरेकाकांना पाहत होते. आमच्या जिन्यात ज्यांचं तोंड बंद करता येत नाही, ते तिथे एक शब्द बोलले नाहीत. खोकला आला तो त्यांनी बाहीत दाबला. वाकायला त्यांना मनाई होती म्हणून वाकायचं काम मी घेतलं, आणि ते मला खुणांनी सांगत होते. हात खाली वाहता केला, म्हणजे निचरा. थांब, अजून थोडं आहे. मग तळवा उताणा, म्हणजे संपलं. चादर फिरवायच्या कप्प्यात गोळा करून टाकली तर त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि कडेकडेनं गोल अंथरून दाखवली, जशी भाकरी थापावी तशी. वर जाळीचं झाकण. मग दुसरं झाकण. मग कळ. मशीन हललं, घुमलं, एका पट्टीत स्थिरावलं. काकांनी विटांवर हात ठेवून ते ऐकलं. चादर बाहेर निघाली ती नुसती दमट होती. त्यांनी ती गालाला लावली, मान हलवली आणि परत आत घातली. आणखी एकदा फिरवायची होती. टॉवेल गालाला लावण्याचा अर्थ मला इतक्या दिवसांनी लागला.

शेवटची चादर पडवीतल्या चुलीवर बांधलेल्या दोरीवर पडली तोच आतून हाक आली.

"बाई, ए बाई. जरा हितं ये गं."

काका जागच्या जागी थिजले. रोज या वेळी ते सुजाता येईपर्यंत असेच उभे राहत असावेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि हात जोडले. मी आत गेले.

म्हातारी भिंतीकडून वळून माझ्याकडे पाहत होती. वाळलेलं शरीर, पण डोळे लख्ख. अंगाखालची चादर कोरडी, ताठ. तिनं माझा हात हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तू ती नव्हंस," ती हळूच म्हणाली. "पण मुकं ऱ्हायचं कबूल करून आली असशील तर तशीच ऱ्हा. बरं पडंल."

मी मान हलवली.

"माझी मंदा चाळीस वरसं त्याच्या घरात नांदली. त्याच्या पायाचा आवाज मला कळणार नाय? पहिल्याच दिवशी कळला. पदर तोंडात घालून रडले. लाजच तशी हाय ना, पोरी. मग म्हटलं, येतोय तर येऊ दे. मी ओळख दिली तर लाजंनं यायचा बंद होईल. आन घरात एकटा बसून करील काय?"

तिनं उशीखाली हात घातला आणि एक हिरवा खण काढला. दर सणाला बाईला एक द्यायचा म्हणून ती सुजाताकडून मागवून घ्यायची.

"एवढा दे त्याला. बाईसाठी हाय म्हण. बाकी काय बोलू नको."

मी बाहेर आले. काका पडवीत टोकाला उभे होते, चष्मा काढलेला. मी खण त्यांच्या हातात दिला आणि बाईसाठी आहे असं खुणेनं सांगितलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीत आत, कपड्यांच्या घडीत ठेवला.

नेरळचा फाटा आला. पाऊस थांबला होता. मग मागून त्यांनी विचारलं, "ओळखलं तर नाय ना आयनी?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला पाठीशी जाणवला. मग ते म्हणाले, "सहा खण झाले आता. कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवतो. मंदाला हिरवा आवडत नव्हता. पण आयनी दिलाय म्हटल्यावर ती नाय म्हणाली नसती."